पानिपतावर पडलेला आमचा पूर्वज आठ वर्षांनी सारा भरताना सापडला

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या गृहस्थांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं आहे. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत मोडीतले वीस-पंचवीस कागद निघाले आणि तेव्हापासून घराण्याची वंशावळ शोधायचं त्यांच्या डोक्यात बसलं आहे. बायको म्हणते, बरंय, वेळ जाईल. मुलगा म्हणतो, हा काय छंद झाला? तबला शिका, डोंगर चढा. तर वंशावळ शोधणं हा गंभीर छंद म्हणायचा, की रिकामपणचा उद्योग?

तुमच्या चिरंजीवांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मी एकतीस वर्षं तलाठी होतो, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. तलाठ्याच्या दप्तरात वंशावळ हा रोजचा माल. खातेदार वारला की वारस अर्ज घेऊन येतात, गाव नमुना सहा-क मध्ये नोंद होते, चौकशी होते, त्यावरून फेरफार पडतो, नोटीस निघते आणि मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. चावडीत बसून शेकडो घरांच्या वंशावळी मी कागदावर उतरवल्या. त्यातल्या एकीतही मला गोडी वाटली नाही. समोर दोन भाऊ एकमेकांकडे न बघता बसलेले असत आणि मला जेवायला घरी जायचं असे. छंद लागला तो स्वतःच्या घराचा, नोकरीच्या बाराव्या वर्षी. त्याला आता तेवीस वर्षं होतील.

छंद गंभीर आहे की नाही हे ओळखायची माझी खूण एकच आहे. घराला ज्याचा अभिमान आहे असं एखादं नाव, एखादी गोष्ट, कागद बघून तुम्ही स्वतःच्या हातानं खोडली आहे का? खोडली असेल तर मुलाला खुशाल सांगा की हा छंद तबल्याइतकाच गंभीर आहे. नसेल खोडली, तर अजून फ्लेक्स चालू आहे.

फ्लेक्स म्हणजे तुम्ही पाहिलाच असेल. जत्रेच्या दिवशी देवळासमोर लागतो. वर कुलदैवत, त्याखाली फेटा आणि तलवार असलेला मूळपुरुष (चित्र नेटवरून उचललेलं), मग वडाच्या फांद्या आणि प्रत्येक पानावर एक नाव. कुठल्याही नावाखाली साल नाही, कागदाचा पत्ता नाही, आणि एकाही पानावर बाई नाही. आमच्या भावकीचा असा फ्लेक्स मीच केला होता, म्हणून जरा अधिकारानं बोलतोय. त्यात आमचा एक पूर्वज ११२ वर्षं जगला होता. त्याचं नाव जुन्या कागदातही आलं आणि पार पुढच्या कागदातही आलं, म्हणून मी त्याला जगवत नेला. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळे एक पिढी सोडून तेच नाव परत येतं, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. कागद समोर आल्यावर सुचलं नाही, एवढंच. आजोबा आणि नातू अशी दोन माणसं मी एकात कोंबली होती. फ्लेक्स छापून झाला होता. पुढच्या जत्रेपर्यंत तो देवळाच्या पत्र्याखाली गळतीला लावला होता.

आता खोडण्याची गोष्ट सांगतो.

आमच्या घरी सांगत आले ते असं: आमचा एक पूर्वज सदाशिवरावभाऊंच्या फौजेत गेला आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडला. गावाच्या वेशीबाहेर त्याची वीरगळ, म्हणजे पडलेल्या वीराचा कोरीव दगड, आहे. दसऱ्याला तिला शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा, मग सोनं वाटायला निघायचं. थोरले चुलते हे सांगताना आवाज खाली आणत. सातारा जिल्ह्यात तुम्ही कुठल्याही गावात जा, पानिपतावर पडलेला एक तरी पूर्वज भेटतो, आणि ते काही सगळं खोटं नसतं. त्या लढाईनं या भागातलं घर ना घर पोळलं होतं.

पहिली शंका आली ती त्या वीरगळीमुळेच. शेंदराचा थर खरवडून पाहिला तर नेहमीचे तीन टप्पे निघाले: खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि कडेला चंद्रसूर्य. मूर्तिकलेतल्या एका जाणत्या माणसाला फोटो दाखवले. ते म्हणाले, अहो, ही घडण यादवांच्या वेळची वाटते. म्हणजे पानिपताच्या साडेचारशे-पाचशे वर्षं आधीची. आम्ही कुणा भलत्याच माणसाला पिढ्यानपिढ्या शेंदूर लावत होतो.

मग मोडी शिकलो. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतात. माझ्या वडिलांना मोडी येत होती, मला येत नव्हती, एवढ्या अंतरात ही लिपी घराबाहेर गेली. पोथी आणि छापखाना बाळबोधीचा, म्हणजे देवनागरीचा, कारभार मोडीचा, अशी पूर्वी वाटणी होती. लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ मारून घेतो आणि बोरू न उचलता अक्षरं तिला टांगत जातो. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, वेलांटी सगळी दीर्घच. मुळाक्षरं पंधरा दिवसांत येतात, मग वाटतं आपल्याला मोडी आली. खरा कागद समोर आला की पाच ओळीत घाम फुटतो, कारण कारकुनाला घाई होती आणि त्याचा वाचक आपण नव्हतो. तो सगळं तोडून लिहितो. मौजेचं मौ॥, परगण्याचं प॥, राजश्रीचं रा॥. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘छ’ म्हणजे चंद्र, म्हणजे पुढची तारीख मुसलमानी महिन्याची.

साल तर आणखी मजेचं. जुन्या मराठी कागदात इसवी सन नसतोच, आणि शकही दरवेळी असेल असं नाही. सुहूर सन असतो, अरबी आकड्यांच्या शब्दांत. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. ‘सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. त्यात ५९९ मिळवा, १७६० येतं. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणून ते १७६०-६१. पानिपतचं साल. त्याच सालाचा शक १६८२, आणि आपल्याकडच्या फसलीत, म्हणजे महसुली सालात, ११७०. हा हिशेब हाताला बसेपर्यंत मी बरेच कागद दहा-दहा वर्षं मागेपुढे केले आहेत.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, आहे. कागद रुमालात बांधलेले असतात, रुमाल म्हणजे अक्षरशः कापडाचं गाठोडं. अर्ज करायचा, परवानगी मिळाली की रुमाल मागवायचा, गाठ सोडायची आणि नाकाला फडकं बांधून बसायचं. इतिहासकार त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारखी माणसं आयुष्यभर पानिपतावर बसली. रियासतकार सरदेसायांनी या दफ्तरातून निवडून पंचेचाळीस खंड १९३० ते ३४ मध्ये काढले. पण त्यात तुमचं-आमचं घर येत नाही. तिथे सरदार, वकील, मोहिमा. शेतकऱ्याचं घर सापडतं ते गावाच्या वसुलाच्या कागदात, ज्यांना इतिहासकार सहसा हात लावत नाहीत. कोणी किती सारा भरला, कोणाची किती बाकी राहिली, कोणाचं थळ, म्हणजे जमिनीचा तुकडा, पडीक गेलं.

तिसऱ्या खेपेला आमच्या गावाचा कागद लागला. वर साल: सु॥ सबैन मया व अलफ. ११७० अधिक ५९९, १७६९. म्हणजे पानिपतानंतर किमान आठ वर्षं. आणि खातेदारांच्या यादीत आमचा पानिपतवीर बसला होता. नाव तेच, पुढे बिन, आणि बापाचं नावही तेच. सारा भरलेला, थोडी बाकी ठेवलेली.

पहिल्या क्षणी मी काय केलं असेल? सुटका शोधली. म्हटलं, हा नातू असणार. विचार करा, नाव एक पिढी सोडून येतं. बापाचं नाव ‘अ’, मुलाचं ‘आ’. ‘आ’च्या मुलाला आजोबाचं ‘अ’ ठेवलं, त्याच्या मुलाला परत ‘आ’. मग ‘आ बिन अ’ हा आजोबाही होतो आणि नातूही. ज्या बिनवर मी इतका विसंबत होतो, तोही इथे उपयोगाचा नाही. माझा वीर वाचला होता. घरी येऊन बायकोला सांगितलंसुद्धा.

पण झोप लागेना. पुढच्या दीड वर्षात त्याच गावाचा आणखी एक कागद मिळाला, पानिपताच्या सहा वर्षं आधीचा. त्यात आमच्या माणसाच्या लगतच त्याच्या भावाचं नाव होतं, दोघांचं थळ एक. परत पुण्याला गेलो आणि नंतरचा कागद पुन्हा काढला. तिथेही तोच भाऊ लगेच खालच्या ओळीत, थळ तेच. आजोबाच्या नावाचा नातू असू शकतो. पण त्याच्या शेजारी आजोबाच्या भावाच्याच नावाचा भाऊ, तोही त्याच थळावर, आणि मधली पिढी अख्खी गायब, चौदा-पंधरा वर्षांत? नाही बसत. माणूस तोच होता. पडला नव्हता. गावात नांगर धरून होता आणि सरकारची बाकी थकवून होता.

तो पानिपताला गेला आणि परत आला असं असू शकेल का? असू शकेल. खूप जण परतले. पण गेला होता याचाही कागद नाही. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे आता एवढंच आहे: “पानिपत: घरची आठवण. पुरावा नाही. १७६९-७० मध्ये हयात.”

चुलत्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुला तलाठ्याची खोड लागली. जितं माणूस मयत दाखवायचं आणि मयत जितं.” वर्षभर आमच्यात बोलणं नव्हतं.

तुमचा मुलगा शिकलेला दिसतो, तर त्याला एक नाव सांगून ठेवा. रॉबर्ट स्टेबिन्स नावाच्या कॅनडातल्या समाजशास्त्रज्ञानं १९८२ मध्ये फावल्या वेळातल्या उद्योगांचे प्रकार पाडले. जो उद्योग चिकाटी मागतो, शिकावा लागतो, ज्यात माणूस वर्षानुवर्षं पायरीपायरीनं पुढे जातो आणि शेवटी त्यावरूनच ओळखला जायला लागतो, त्याला तो ‘सीरियस लेझर’ म्हणतो. या हिशेबानं वंशावळ शोधणं अगदी चपखल बसतं. मोडी, पाच तऱ्हेची सालं, महसुलाची भाषा, तिन्ही शिकल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. मला त्याचा हिशेब पटतो, फक्त त्यात वर्षभर न बोलणारा चुलता धरलेला नाही.

माझ्यासाठी या छंदातली सर्वांत मोठी जागा मात्र बायकांची आहे. इथे जरा थांबतो.

दहा पिढ्या मागे गेलात तर त्या पिढीत तुमचे १०२४ पूर्वज होतात, हा साधा गुणाकार. आपण ज्याला वंशावळ म्हणतो ती त्यातल्या एकाला धरून वर जाते. बाकीचे १०२३ कुणाचे? छापलेले कुलवृत्तांत पाहा. पुण्या-कोकणातल्या घराण्यांनी विसाव्या शतकात मोठ्या कष्टानं ते काढले आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण पानं चाळताना “कन्या २” असं येतं आणि पुढे काहीच नाही. मुलाचं नाव, जन्म, शिक्षण, नोकरी, बदलीचं गाव. मुलगी म्हणजे आकडा. सून आली की तिला सासरचं नाव, माहेरचं कंसात, तेही असेल तर. खालच्या घरांत तर कंसही नाही.

मग बाई कागदावर येते कधी? माझ्या नोकरीतलं उत्तर ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही. बाप मेल्यावर थोरल्या भावाचं नाव लागायचं आणि पुढे ए. कु. मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. विधवेचं नाव लागलंच तर ‘इतर हक्कात’, पोटगीपुरतं. बहिणींची नावं तर त्याच दिवशी यायची ज्या दिवशी त्या हक्क सोडायच्या. हक्कसोडपत्रासाठी सगळ्या बहिणी एका दिवशी चावडीत, रजिस्ट्रारकडे, नव्या लुगड्यांत. भाऊ जेवण घालायचा. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला, १९९४ मध्ये महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जितात मुलाइतका हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला, आणि हक्कसोडपत्रं काही थांबली नाहीत. मी स्वतः किती नोंदी धरल्या असतील याची मोजदाद नाही. पण आज वंशावळ शोधताना मी त्याच कागदांच्या मागे असतो, कारण त्यात बहिणीचं पूर्ण नाव असतं, सासरचं गाव असतं, कधी वयसुद्धा. एका आत्तेआजीचा पत्ता मला तिच्या हक्कसोडीतून लागला. तिचे नातू तीस किलोमीटरवर राहत होते. आम्हाला त्यांची आणि त्यांना आमची खबर नव्हती.

तीर्थक्षेत्री मात्र बाई लिहिली जाते, कारण तीर्थाला जोडीनं जातात. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, पैठण, पुढे काशी, प्रयाग, गया, हरिद्वार. प्रत्येक ठिकाणी तुमच्या गावाचा तीर्थोपाध्याय ठरलेला असतो आणि त्याच्याकडे वह्या असतात. गेल्यावर विचारतात, गाव कुठलं, आडनाव काय. मग आतून लांबुडकी वही येते आणि गुरुजी वाचायला लागतात: अमुक साली अमुक आला, बरोबर बायको अमुक, आई अमुक, भाऊ, मुलगे. शेवटी तुमच्याकडून लेख लिहून घेतात, तुमच्या पोरांची नावं त्यात जातात. अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळी मंडळानं हरिद्वारसारख्या ठिकाणच्या पंड्यांच्या वह्यांचे मायक्रोफिल्म करायला घेतले, त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. साहेब सातासमुद्रापलीकडून येऊन फोटो काढतो आणि आपण कुशावर्तावर आंघोळ करून, दक्षिणेवरून घासाघीस करून परत येतो.

नाशिकला मला माझ्या पणजोबांचा लेख मिळाला. सही नव्हती, कारण लिहिता येत नव्हतं. अक्षर गुरुजींच्या वडिलांचं की आजोबांचं, आणि खाली एक छोटा नांगर काढलेला. ‘निशाणी नांगर’. कुणब्या-मराठ्यांची निशाणी नांगर, कुलकर्ण्याची दौत-लेखणी, बाईची बांगडी, हे कागदोपत्री वाचलं होतं. स्वतःच्या घरातला नांगर पाहिला तेव्हा वहीवर पाणी पडू नये म्हणून मागे सरकलो. गुरुजी म्हणाले, होतं असं, बसा, चहा घ्या.

आमच्या कोल्हापूर-सांगली बाजूला आणखी एक साधन आहे, ते पुणे-मुंबईवाल्यांना माहीत नसतं. हेळवी. पूर्वी बैलावर बसून येत, आता गाडीवर येतात. सुगीनंतर दारात येऊन घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतात, धान्य-कापड घेऊन जातात. मी आधी त्यांना पोपटपंची समजत होतो. एका हेळव्यानं आमच्या घराण्यातला एक भाऊ भांडून कृष्णेपलीकडे गेल्याचं म्हटलं आणि गावाचं नाव घेतलं. दोन वर्षांनी त्या गावच्या जुन्या पाहणीपत्रकात आमच्या आडनावाचं एकच घर निघालं. मात्र त्याच हेळव्यानं आमचा मूळ संबंध थेट राजघराण्याशी जोडला होता. त्यावर मी काही लिहिलं नाही. त्याला धान्य मात्र जास्त दिलं.

आता थोडं कडू. २०२३ मध्ये राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधायला तालुक्या-तालुक्यात जुनी दप्तरं बाहेर निघाली. गाव नमुना चौदा, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, ते जन्म-मृत्यूचं रजिस्टर, बरंचसं मोडीत. मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. मलाही बोलावणी आली. जे कागद मी वीस वर्षं विनवण्या करून बघत होतो, ते गठ्ठ्यानं टेबलावर आले, याचा आनंद मी लपवत नाही. पण लोकांना आता वाचन नको होतं, निकाल हवा होता. एका रजिस्टरात जातीच्या रकान्यात नुसतं ‘कु’ होतं आणि पुढे एक फराटा. समोरचे गृहस्थ म्हणाले, लिहा पूर्ण शब्द, सगळ्यांना माहीत आहे तो काय. मी लिहिलं: ‘कु’ हे अक्षर, पुढे रेघ. त्यांचं बरोबर असेलही. माझं काम अक्षर सांगणं होतं, त्याचा अर्थ लावायला समिती बसली होती. ते जाताना चहाचा कप तसाच ठेवून गेले.

तेच रजिस्टर वाचताना १९१८ चं पान लागलं. एरवी महिन्याला एक-दोन मयत असणाऱ्या गावात त्या दिवाळीच्या आसपास नोंदी पानात मावेनात. कारणाच्या रकान्यात ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत, जग तिला स्पॅनिश फ्लू म्हणतं. पहिल्या पानावर कोतवालाचं अक्षर सुबक आहे, पुढे घसरत जातं, आणि मध्येच अक्षरच बदलतं. दुसरं कोणी तरी लिहायला लागलं आहे. पहिल्याचं काय झालं ते नोंदींतच सापडलं असतं, मी पान उलटलं.

बाहेरच्या लोकांसाठी दोन ओळी. गोव्याकडचं मूळ असेल तर कुलदैवताचं जुनं गाव शोधा. मंगेशीचं देऊळ आज प्रियोळला असलं तरी देव १५६० मध्ये कुठ्ठाळीहून हलवला, आणि तुमचे पूर्वज देवाच्या आधीच्या गावचे असणार. मॉरिशसच्या मराठी मंडळींचं वेगळं: मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, रजिस्टरं आहेत, त्यात बापाचं नाव, गाव, जिल्हा. गावाचं नाव परदेशी कारकुनानं कानाला लागेल तसं लिहिलेलं, तेव्हा ते रत्नागिरीच्या उच्चारात मोठ्यानं म्हणून बघायचं. एका बाईंचं गाव मला असंच फोनवर सात वेळा म्हणवून घेतल्यावर लागलं.

आता तुमच्या ट्रंकेबद्दल. कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, कोणी ‘पॉलिश करून देतो’ म्हणाला तर दारातून परत पाठवा. आधी प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो, पाठीवरच्या खुणांसकट, कारण पाठीवर कारकुनानं पुडक्याचं नाव टाकलेलं असतं. घडी आहे तशी, क्रम आहे तसा. माझ्या माहितीतल्या एका घरानं सगळे कागद सालवार लावले आणि कुठला कागद कशाबरोबर बांधला होता हे कायमचं घालवलं. सरकारी रेकॉर्डचं म्हणाल तर बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार आणि सातबारे ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर शुल्क भरून घरबसल्या मिळतात. जे तिथे नाही ते तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. तिथे मात्र शिपायाशी आधी बोला, साहेबांशी नंतर. गठ्ठा कुठल्या फळीवर आहे आणि कुठल्या पावसात भिजला हे शिपायालाच माहीत असतं.

आणि जिवंत म्हाताऱ्यांकडे आज जा, रुमाल थांबतील. नुसतं ‘सांगा आठवणी’ म्हणालात तर पानिपत ऐकावं लागेल. विचारा, तुमच्या लग्नात मामा कोण उभा होता, बाळंतपणाला आई कुठे गेली होती, सुतकाचं कोणाकोणाला कळवत होते. सुतकाच्या यादीत खोटं येत नाही.

दत्तक, दुसरं घर, मोडलेली सोयरीक, असलं काही निघालं तर? निघतंच. मी वहीत सगळं लिहितो, फ्लेक्सवर नाही. हयात माणसांचं त्यांना विचारल्याशिवाय कुणाला दाखवत नाही. एका घरी मी हे पाळलं नव्हतं, त्या घरचा उंबरा अजून चढलेलो नाही.

चुलते गेल्या वर्षी गेले. वारस नोंदीला मी स्वतः गेलो, रांगेत उभा राहिलो, तलाठी पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. त्या निमित्तानं दुय्यम निबंधकाकडे जुन्या इंडेक्समध्ये आमच्या गटाचे दस्त काढले, तर १९१९ चं एक गहाणखत निघालं. मानमोडीत पणजोबा गेले, त्यानंतर पाच महिन्यांनी जमिनीचा एक तुकडा गहाण पडला. लिहून देणार: माझी पणजी. नाव, पुढे कोम, पुढे पणजोबांचं नाव, वय अदमासे पंचवीस. सहीच्या जागी वाटोळी बांगडी, शेवटाला टोक जरा जुळलेलं नाही. तिचं नाव मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. माझ्या वहीत त्या चौकटीत ‘पत्नी’ एवढंच होतं. साक्षीदारात एक परगावचा माणूस आहे, आमच्या आडनावाचा नाही, भावकीतला नाही. तो तिचा भाऊ असेल असं मला वाटतं. वाटतं म्हणून पेन्सिलीनं लिहिलंय. त्याच्या गावचा नमुना चौदा कुठल्या तालुक्याच्या रेकॉर्डला आहे ते विचारून ठेवलंय, आणि सोमवारी तिथला शिपाई रजेवरून येतोय.